जात्याची घरघर म्हणजे नॉइज नव्हे

माझ्या ओळखीतल्या निम्म्या आयटीवाल्यांकडे आता घरी एक तरी बरा माईक आहे. कुणी लॉकडाऊनमध्ये मीटिंगसाठी घेतला, कुणी गिटार शिकायला लागला म्हणून, कुणी पॉडकास्ट काढणार होता (काढला नाही, ते असो). सोबत हाताच्या पंजाएवढा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप, आणि फुकटातलं ऑडॅसिटी नाहीतर साठ डॉलरचं रीपर. १९९५ साली ज्यासाठी स्टुडिओला तासावर भाडं मोजावं लागलं असतं ते सगळं टेबलाच्या एका कोपऱ्यात मावतं. आणि या सगळ्या सामग्रीचं आपण विकांताला करतो काय? तर कुठलंही गाणं सिनेमातल्या गाण्यासारखं गुळगुळीत वाजावं म्हणून रात्री दोन वाजेपर्यंत प्लगइन लावत बसतो.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. समोर खरी वाद्यं, खरा गळा आणि खरी खोली असेल, तर हौशी माणसाने स्टुडिओची नक्कल करूच नये. त्याच्याकडे स्टुडिओपेक्षा भारी गोष्टी असतात. त्या तो स्वतःच्या हाताने पुसून टाकतो, याचं मला वाईट वाटतं.

मी परभणी जिल्ह्यातला. गाव गंगाखेड तालुक्यात, नोकरी पुण्यात (हिंजवडी, अजून कुठे!). आमच्या हापिसातला एक मित्र मराठवाड्यातलाच. तो गेल्या वर्षी गावच्या सप्त्याला गेला होता आणि तिथलं भजन मोठ्या हौसेने रेकॉर्ड करून आला. सात-आठ टाळकरी, एक पखवाज, पेटी, आणि गाणारे बुवा सत्तरीच्या पुढचे. पुण्यात आल्यावर त्याने ते 'साफ' केलं आणि मला पाठवलं. टाळ असे वाजत होते की जणू कुणी बादलीभर पाण्यात बुडवून हलवतंय. बुवांचा आवाज मात्र एकदम स्वच्छ. इतका स्वच्छ, की बुवा मंदिरात गातायत का कॉल सेंटरमधून बोलतायत ते कळेना.

हे का होतं ते सांगतो, कारण त्यातच सगळी गोम आहे. नॉइज रिडक्शनचं साधं टूल तुमच्याकडून आधी 'शांततेचा' एक तुकडा मागतं. कुणी गात-वाजवत नाहीये असे दोन-चार सेकंद. त्या तुकड्यात कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे याचा ते हिशोब करतं. मग अख्ख्या रेकॉर्डिंगचे बारीक बारीक तुकडे करून, प्रत्येक फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात जो आवाज त्या हिशोबापेक्षा फारसा वर नाही तो दाबून टाकतं. बस्स. गाणं कशाला म्हणतात हे त्याला माहीत नसतं, पातळी तेवढी माहीत असते. आता टाळाचा आवाज म्हणजे काय? एक टणत्कार, आणि मग वरच्या फ्रिक्वेन्सीत लांबवर पसरत, विरत जाणारी शेपटी. ती शेपटी विरता विरता हिशोबाच्या रेषेखाली जाते आणि कापली जाते. तीसुद्धा एकसारखी कापली जात नाही, तुटक तुटक कापली जाते. त्या तुटक उरलेल्या ठिपक्यांमुळे तो पाण्यातला आवाज येतो.

टाळाचं हे, तर जात्याचं काय होईल?

जातं म्हणजे या टूलच्या दृष्टीने शुद्ध नॉइज. एकसारखी, पसरट, सतत चाललेली घरघर. हल्लीच्या फोनमध्ये तर हे काम तुम्हाला न विचारताच होतं. फोनवरचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा बोलण्यासाठी बेतलेलं असतं. जे सतत सुरू आहे ते पंखा किंवा ट्रॅफिक असं समजून दाबायचं, आणि बोलणं थांबलं की आवाजाची पातळी आपोआप वर ओढायची. म्हणजे बाई ओवी म्हणायची थांबली की घरघर मोठी, ओवी सुरू झाली की घरघर गायब. प्रत्यक्षात नेमकं उलटं असतं. जातं एका लयीत फिरत असतं आणि ओवी त्याच्यावर बसून येते.

तुम्हाला वाटेल जात्याचं काय घेऊन बसलाय हा. पण आमच्या भागात घरच्या घरी रेकॉर्ड करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काही असेल, तर ते हेच आहे, आणि ते फार दिवस राहणारही नाही. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या त्याला कित्येक दशकं झाली. रोज पहाटे उठून हाताने दळलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांच्यानंतरच्यांना ओव्या येतात त्या लग्नात हळद दळताना म्हणण्यापुरत्या, पाच-दहा. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जनीसोबत साक्षात विठ्ठल दळायला बसायचा ही गोष्ट आम्ही शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेली. त्या गावाच्या आसपास जात्यावरचं गाणं कसं असतं हे पुढच्या पिढीला फक्त गोष्टीतूनच कळावं, हे काही बरं नाही.

हे काम मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे, आणि आयटीवाल्यांनी ते मुद्दाम बघावं. पुण्यातले गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातली हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाच्या वर ओव्या! १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल नावाचे फ्रेंच गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. हे मूळचे इंजिनियर, संगणक आणि संगीत दोन्हीतले जाणकार. त्यांनी रेकॉर्डिंग केली, डेटाबेस बांधला. प्वातवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पण २०१७ पासून हा सगळा ठेवा 'पारी'वर, म्हणजे पी. साईनाथांच्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर येऊ लागला. आवाज, देवनागरीत ओवी, सोबत भाषांतर.

त्यात आमच्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. ताडकळस म्हणजे पूर्णा तालुका, परभणीहून फार लांब नाही. हेडफोन लावून एकदा ऐका. तो आवाज कुणी ऑटोट्यूनमध्ये घातला असता तर काय उरलं असतं याचा विचार करा, आणि मग आपल्या प्लगइनच्या यादीकडे बघा.

आता तुम्ही म्हणाल, मग काय सगळा कचरा तसाच ठेवायचा? पंखा, इन्व्हर्टर, शेजारच्याचा टीव्ही? नाही हो. माझी एक साधी कसोटी आहे. तो आवाज नसता तर गाणाऱ्याचं गाणं बदललं असतं का? पंखा नसता तर काही बदललं नसतं, म्हणून पंखा नॉइज. जातं नसतं तर गाणंच झालं नसतं. माझ्या मोठ्या आत्याला मी नुसतं बसवून ओव्या म्हणायला सांगितलं तेव्हा तिला चार आठवल्या. जात्यापाशी बसली, खुंटा हातात धरला, आणि पाऊण तास थांबली नाही. शिवाय रिकामं जातं फिरवायचं नसतं, त्यामुळे खरोखरची ज्वारी घ्यावी लागली. दाणे पडले की जातं जड होतं, लय किंचित मंदावते, दाणे संपत आले की घरघर मोकळी होते आणि ओवीची चाल हलकी होते. हा सगळा हिशोब रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. टाकी नुकतीच लावलेलं जातं आणि झिजलेलं जातं यांचा आवाजसुद्धा वेगळा. हे कुठल्या प्लगइनमध्ये मिळणार? (त्या दिवशीच्या पिठाच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. हा फायदाही स्टुडिओत नाही.)

आणि जे खरंच नॉइज आहे, ते नंतर काढण्यापेक्षा आधीच बंद करावं. पंखा बंद, फ्रीज तासभर बंद, लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवायचा. चार्जर लावलेला असला की बऱ्याचदा एक बारीक गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये शिरते, ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची, आणि ती शोधण्यात अर्धा विकांत जातो. आमच्याकडे तर त्याचा कायमचा इलाज आहे: लाईट जाणे! इंटरफेस यूएसबीवर चालतो, लॅपटॉप बॅटरीवर. लाईट गेली की अख्ख्या गावातल्या मोटारी, गिरणी, टीव्ही, देवळाचा भोंगा एकदम गप्प. पुण्यात लाखभर रुपये घालून खोली साउंडप्रूफ करतात, ते आमच्याकडे वीज मंडळ फुकटात करून देतं.

खोलीचा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर सांगतो, कारण माईकपेक्षा खोली महत्त्वाची, आणि हे दुकानदार कधी सांगत नाही. आमच्या भागात जुनी घरं माळवदाची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर माती. अशा घरात टाळी वाजवून बघा. आवाज भिंतीत जातो आणि परत येत नाही. नवीन घरं स्लॅबची. गुळगुळीत प्लॅस्टर, चकचकीत फरशी, रिकामी हॉलची खोली. तिथे टाळी वाजवली की टण्ण करून चार वेळा परत येते. गंमत अशी की गावात ज्याची परिस्थिती सुधारली त्याच्याकडेच रेकॉर्डिंग वाईट होतं.

पण परभणी म्हणजे कापसाचा मुलूख. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच पडून असतो. स्लॅबच्या खोलीत छातीएवढा कापसाचा ढीग! कानाकोपऱ्यातला गुंजणारा खालचा आवाजसुद्धा तो गिळून टाकतो. ज्यासाठी स्टुडिओवाले फोमचे त्रिकोणी ठोकळे विकत आणतात ते काम हा ढीग त्यांच्यापेक्षा झकास करतो, कारण खालच्या फ्रिक्वेन्सीला जाडी लागते आणि इथे जाडीला तोटा नाही. अंगाला खाज सुटते तेवढी सहन करायची. (आणि भाव मिळाला की तुमचा स्टुडिओ ट्रॅक्टरमध्ये बसून जिनिंगला निघून जातो, हेही लक्षात असू द्या.) कापूस नसेल तर घरातल्या वाकळी. दोन भिंतीवर टांगा, एक माईकच्या स्टँडखाली घाला, नाहीतर जात्याचा हादरा जमिनीतून स्टँडमध्ये चढतो.

माईक एकच पुरतो. दोन लावले तर एकच आवाज दोन्हीकडे थोडा पुढे-मागे पोचतो, आणि एकत्र केले की एकमेकांना खातात. आवाज पोकळ होतो. एकाच माईकवर करायचं तर मिक्सिंग कुठे करायचं? माणसं हलवून! पूर्वी असंच करत. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की पातळी ६ डेसिबलने उतरते, खोलीत त्याहून जरा कमी. टाळकरी सगळ्यात मागे, कारण टाळाचा टणत्कार क्षणभरासाठी गळ्याच्या कितीतरी वर उडी मारतो. पखवाज बाजूला. पेटीवाला हमखास मोठ्याने वाजवतो, त्याला प्रेमाने कोपऱ्यात बसवायचं. गाणारा माईकपासून दोन-तीन फुटांवर. जात्यासाठी माईक बाईच्या तोंडाच्या उंचीला, हातभर अंतरावर, जातं खाली आपोआप लांब राहतं. जास्त घरघर हवी तर माईक एक वीत खाली. मी हे दहा मिनिटं करतो, हेडफोन लावून ऐकतो, आणि मग हात लावत नाही.

पातळीबद्दल एवढंच, की लाल दिवा लागेपर्यंत वर नेऊ नका. १६ बिटमध्ये साधारण ९६ डेसिबलची जागा असते, २४ बिटमध्ये कागदावर १४४. जागा भरपूर आहे. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ च्या आसपास राहू द्या. म्हातारी बाई मध्येच हसते तेव्हा आवाज फाटत नाही.

आणि कृपा करून क्लिक ट्रॅक नको. कानात मेट्रोनोम घालून भजन म्हणायला लावणारे लोक मी पाहिलेत. का, तर 'नंतर बीट टाकता येतो'. अहो, भजनाची लय चढत जाते हीच तर त्यातली मजा आहे! ती चढण सपाट केली की उरतं काय, तर रीलच्या मागे लावायचं म्युझिक.

हे फक्त आमच्या गावापुरतं आहे असंही नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये घरच्या खोलीत चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, साध्या माईकवर, काही गाणी कच्ची म्हणून भरली. हेतू हा की नंतर बँडला घेऊन स्टुडिओत नीट करू. स्टुडिओत प्रयत्न केला, पण कॅसेटवर जे होतं ते काही येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' नावाने अल्बम म्हणून बाहेर आली. पैसा, स्टुडिओ, वादक सगळं हाताशी असलेल्या माणसाने हा निर्णय घेतला.

मिक्सिंगमध्ये मी फार थोडं करतो. ७०-८० हर्ट्झच्या खालचा भाग काढतो, तिथे बहुतेक पायाचे आणि स्टँडचेच आवाज असतात (पखवाज असेल तर हेही जपून, त्याच्या कणीक लावलेल्या बाजूचा धुमारा तिथेच आहे). ३०० च्या आसपास आवाज कोंडल्यासारखा वाटला तर दोन-तीन डेसिबल उतरवतो. रिव्हर्ब शून्य. खोली आहे ना! आणि हे सगळं कॉपीवर. मूळ वेव्ह फाईल तशीच राहते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो, तासाला ५२० एमबीच्या आत-बाहेर. आजच्या दिवसात ही काही जागा नाही. एका लग्नाच्या व्हिडिओत अशी कित्येक तासांची रेकॉर्डिंग मावतील. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट करू नका, ते आवाज पार चेपून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून फाईल जोडा.

ज्याच्याबद्दल आपल्यासारखे लोक खरंच काही करू शकतात ती गोष्ट मिक्सिंग नाहीच, लेबल आहे. आपण दिवसभर कोडवर कॉमेंट लिहा म्हणून ज्युनियर पोरांच्या मागे लागतो, आणि स्वतःच्या आजीच्या रेकॉर्डिंगचं नाव 'न्यू रेकॉर्डिंग १७' असं असतं. मी सुरुवातीलाच माईकसमोर बोलून घेतो: तारीख, गाव, गाणारीचं नाव, तिचं माहेर, ओव्या कुणाकडून शिकली. माहेर महत्त्वाचं. ओव्या बायकांबरोबर लग्न होऊन गावं बदलतात. आत्या आमच्या गावात म्हणायची त्यातल्या काही ओव्या तिने सासरी, जिंतूर तालुक्यात, शेजारणीकडून उचललेल्या. ती शेजारीण आणखी कुठून तरी आलेली. आवाजातच नोंद असली की फाईलचं नाव बदललं, फोल्डर हरवलं, तरी माहिती तिच्याबरोबर राहते.

आणि एक गोष्ट परवानगीची. आत्या आधी हसत होती, "कशाला भरून घ्यायलास रे हे? जातं तरी फिरवतंय का कुणी आता?" मग रंगात आली. राम-सीता झाले, पंढरी झाली, भाऊ झाला. मग एका ओवीला थांबली. सासूवरची होती. बोचरी होती, आणि खरं सांगायचं तर पाऊण तासातली सगळ्यात जबरदस्त तीच होती. दोन-तीन वेळा खुंटा फिरवला, मग म्हणाली, "ही नको ठिवू बाबा. गेली बिचारी. आता कशाला तिच्या मागं."

मित्रांमध्ये यावर वाद झाला. एक म्हणाला, ठेव रे, आत्याला कुठं कळणार आहे. दुसरा म्हणाला, इतिहास आहे तो, पुसायचा अधिकार तुला नाही. मला दोन्ही पटत नाही. पहाटे अंधारात, घरातले पुरुष झोपलेले असताना बायका जात्यापाशी हे बोलत होत्या, ते त्यांनी आपल्यासाठी बोललेलं नव्हतं. ओवी तिची आहे, सासूही तिची होती. मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडला, ते एक मिनिट वीस सेकंद तिला दाखवून मूळ फाईलमधून काढलं, आणि त्या जागी साधी शांतता ठेवली. म्हणजे इथे काहीतरी होतं एवढं ऐकणाऱ्याला कळतं.

"आता ऐकव बरं," ती म्हणाली. ऐकवलं. तिने पुढचं सगळं ऐकलं आणि म्हणाली, आवाज म्हातारा झालाय, पण जातं आमचंच आहे.

यंदा दिवाळीला चार दिवस सुट्टी टाकली आहे. तिच्या दोन जावा आहेत, त्यातल्या धाकटीला म्हणे हिच्या दुप्पट ओव्या येतात. कापूस तोवर घरात आलेला असेल.